प्रकरण नववे : न्यू टाउनचा रस्ता

बारशाच्या सकाळी साडेआठ वाजता देवयानीला कळलं की भावाने, सत्यजितने, दोन्हीकडे हो म्हणून ठेवलं आहे.

ती किचनमध्ये घुगऱ्यांना फोडणी देत होती. आदल्या दिवशी अल्फारेटातल्या आपल्या घरून भावाकडे दहा तास ड्राइव्ह करून आल्यामुळे तिची पाठ अजून गाडीतच असल्यासारखी आखडली होती. टेबलाशी तिची आई, अहिल्याबाई, पाळण्याला बांधायच्या माळांचा गुंता सोडवत बसली होती.

"कानात नीट सांग बरं का," अहिल्याबाई म्हणाल्या. "अनिका. घाईघाईत पुटपुटू नको."

देवयानीने गॅस बंद केला. गुरुवारी फोनवर सत्यजितच्या बायकोने, नोराने, तिला नाव सांगितलं होतं, ते हे नव्हतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं, हे नोराला माहीत होतं. तिने देवयानीकडून ते दोनदा म्हणवूनही घेतलं होतं. ऑनोरा.

ती गॅरेजमध्ये गेली. सत्यजित फोल्डिंगच्या खुर्च्या पुसत होता. बाळ झाल्यापासूनच्या पाच आठवड्यांत त्याचा चेहरा पाच वर्षांनी म्हातारा झाला होता.

"सत्या, नाव काय ठेवायचंय?"

त्याने फडका खुर्चीवर टाकला. "आईने विचारलं का?"

"आईने सांगितलं. अनिका. आणि नोराने मला ऑनोरा सांगितलंय."

"ताई, प्लीज. आई रोज विचारत होती. शेवटी मी हो म्हटलं. मला वाटलं, कागदावर एक, घरात एक. सगळे करतात यार."

"हे नोराला माहितेय?"

"नाही."

"जन्मदाखल्याच्या फॉर्मवर काय आहे?"

"फर्स्ट नेम ब्लँक ठेवलंय. नंतर अ‍ॅड करता येतं. सोमवारी पाठवायचं होतं." तो खुर्चीवर बसला. "तू कानातच सांगणार ना. कुणाला ऐकू जातं?"

देवयानीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तेवढी ताकद तिच्यात नव्हती. लहानपणापासून आई आणि जगाच्या मध्ये उभं राहायचं काम तिच्याकडे होतं. सत्या आपला हसून बाजूला व्हायचा. "मी दोन नावं नाही सांगणार," ती म्हणाली. "आत चल. अकराला लोक येतील. त्याआधी काय ते सांगून टाक."

सत्यजितने सांगितलं, पण ज्या क्रमाने सांगायला हवं होतं त्या क्रमाने नाही. तो आईला समजवायला लागला तेव्हा नोरा बाळाला खांद्यावर घेऊन जिना उतरत होती. तिच्या मागे तिची आई, एलीन. ती मंगळवारी टास्मानियातल्या होबार्टहून दोन विमानं बदलून आली होती आणि अजून रात्रीदिवसाच्या गोंधळात होती.

नोरा शेवटच्या पायरीवर थांबली. तिला मराठी जेमतेम समजायचं, पण दोन्ही नावं आणि "नोराला नंतर सांगतो" एवढं पुरेसं होतं.

"नंतर म्हणजे कधी?" तिने इंग्रजीत विचारलं. "शाळेत जाईल तेव्हा?"

सत्यजितने आईकडे पाहिलं.

अहिल्याबाईंनी हातातली माळ टेबलावर ठेवली. त्यांना भांडण नको होतं. दोन महिने झाले त्यांना येऊन. या घरात त्यांनी डिंकाचे लाडू केले होते, बाळाला तेल लावलं होतं, शेक दिला होता, आणि ही गोरी सून एका शब्दाने त्यांना नको म्हणाली नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात तिने त्या नावाची हकीकत सांगितली होती. ऑनोरा ड्रिस्कॉल, आयर्लंडमधली बाई, शिक्षा होऊन जहाजातून टास्मानियाला नेलेली. तेव्हाच अहिल्याबाईंनी सत्यजितला सांगितलं होतं, हे नको. कारण त्याने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

"तुरुंगातल्या बाईच्या नावाने मी नातीला हाक मारणार नाही," त्या मराठीतच म्हणाल्या. "दुसरं कुठलंही ठेवा. अनिका नको तर नको."

देवयानीने भाषांतर करायला तोंड उघडलं.

"समजलं मला," नोरा मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत, अगदी हळू, बाळ झोपलं होतं म्हणून: "सगळं कॅन्सल करू. लोकांना फोन करा. मी वर जाते. मला झोपायचंय."

"नोरा, ऐक," सत्यजित पुढे झाला.

"तू माझ्याशी खोटं बोललास. त्याचं बघू. आज नाही."

ती वळली, पण एलीन पायरीवरून हलली नाही. अहिल्याबाई काय म्हणाल्या ते तिने देवयानीकडून इंग्रजीत ऐकून घेतलं. सत्तरीची उंच, वाकलेली बाई, हातात प्लास्टिकचं फोल्डर. नाव ठेवल्यावर पाळण्याशी ठेवायला म्हणून तिने ते आणलं होतं.

"माझी आई हेच म्हणायची," ती अहिल्याबाईंना इंग्रजीत म्हणाली. "अगदी हेच. आमच्या घरात सांगायचे की आमचे पूर्वज स्वतःचं तिकीट काढून आले. मी साठ वर्षांची होईपर्यंत मला हिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. आमच्याकडे नोरा ठेवायचे. नोरा म्हणजे ऑनोराच, पण पूर्ण नाव कुणी ठेवलं नाही. लाज वाटायची." तिने फोल्डर टेबलावर ठेवलं. "तुम्ही नाही म्हणा. तुमचा हक्क आहे. पण नाही म्हणायच्या आधी ती कोण होती हे ऐकून घ्या. तेवढं तिच्यासाठी करा."

देवयानीने आईकडे पाहिलं. आईने खुर्ची पुढे ओढली, एवढंच केलं.

एलीनने सांगितलं ते साधंच होतं. कॉर्क परगण्यातलं एक खेडं. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला त्याचं चौथं वर्ष. ऑनोराचा नवरा गेला, मोठा मुलगा गेला. उरली तीन वर्षांची ब्रायडी. एका सकाळी ऑनोराने मुलीला कडेवर घेतलं, जमीनदाराच्या कुंपणात शिरली, गवताची गंज पेटवली, आणि पळून न जाता शेजारच्या दगडावर बसून राहिली, पोलिस येईपर्यंत.

"का?" देवयानीने विचारलं.

"कैद्याला जेवायला देतात म्हणून. आणि लहान मूल असलं तर जहाजावर बरोबर नेता यायचं. कोर्टात तिने सांगितलं, मला लांब पाठवा. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तिला हवी होती तीच."

सत्यजित सिंकपाशी उभा होता. ही हकीकत त्याने लग्नाआधी एकदा ऐकली होती आणि विसरून गेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आणि मग?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"मग होबार्टला पोचली, १८५०च्या फेब्रुवारीत. तिला लोकांच्या घरी कामाला लावलं. आणि मुलीला काढून घेतलं. कैद्यांची मुलं न्यू टाउनच्या अनाथ शाळेत ठेवायचे, शहरापासून तीन मैलांवर. पुढचं तिचं रेकॉर्ड चांगलं नाही. मी खोटं सांगणार नाही. कामावरून पळायची. पिऊन भटकायची म्हणतात आमच्यात. पुन्हा पुन्हा शिक्षा. नंतर लग्न झालं आणि सुधारली. त्या लग्नातून आम्ही."

अहिल्याबाई उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. खिडकीबाहेर टाउनहाउसेसची रांग आणि तिच्यापलीकडे डेटा सेंटरची खिडक्या नसलेली लांब भिंत. ती भिंत दोन महिने त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि तिच्याकडे पाहायचं त्या टाळत होत्या.

देवयानीचे वडील, मोरेश्वर, एवढा वेळ दिवाणखान्यातल्या सोफ्यावर होते. घरातल्या वादात न पडण्याची सवय त्यांना नोकरीत लागली होती. एकतीस वर्षं तुरुंग खात्यात काढून ते जेलर म्हणून रिटायर झाले होते. आत्ताही ते उठले नसते, पण एलीनने कागद टेबलावर पसरले आणि लांबूनच त्यांना रकाने दिसले.

तारीख, गुन्हा, शिक्षा, सही.

"मॅडम, मी बघू?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"अक्षर वाचता येत नाही हो. मी एकाकडून टाइप करून घेतलंय, हे बघा."

त्यांनी टाइप केलेला कागद बाजूला सारला आणि मूळ पानाची प्रत ओढून घेतली. ज्याने हे लिहिलं तो घाईत होता, त्याला दिवसाला शंभर नावं लिहायची होती, त्याने शब्द अर्धे तोडले होते. असल्या अक्षरात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या खात्यात असल्या कागदाला हिस्टरी तिकीट म्हणायचे. प्रत्येक कैद्याचं एक. तिकीट वाचून माणूस कसा आहे ते सांगता येतं, असं ते नव्या शिपायांना शिकवायचे.

"सत्या, फोनमधून हे मोठं करून दे."

सत्यजितने फोटो काढला आणि झूम करून धरला. मोरेश्वर बोटाने ओळ धरत गेले. एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मग पुन्हा वर.

"दारूचा गुन्हा यात एकच आहे," ते म्हणाले. "बाकी अकरा गैरहजेरीचे. परवानगीशिवाय मालकाचं घर सोडलं. तुमच्या टाइप केलेल्या कागदात गुन्हा आणि शिक्षा आहे. पण मध्ये बारीक अक्षरात कुठे सापडली ते लिहिलंय. ते त्याने सोडून दिलं."

"कुठे सापडली?"

"न्यू टाउन रोड." त्यांनी बोट खाली सरकवलं. "न्यू टाउन रोड. हेही तेच. इथे नुसतं एन. टी. लिहिलंय. अकराही."

नोरा पायरीवर बसली होती, बाळ मांडीवर.

"तारखा सांगतो, वार बघ," ते सत्यजितला म्हणाले. त्याने एकेक तारीख फोनमध्ये घातली. रविवार. रविवार. तिसऱ्यानंतर त्याचा आवाज उतरला. अकराही रविवार निघाले.

"रविवारी मालक लोक चर्चला जात असतील," मोरेश्वर म्हणाले. "तेवढा वेळ मिळायचा तिला. तीन मैल चालत. जाताना पकडलं की येताना, ते लिहिलेलं नाही. मुलगी दिसली की नाही, तेही नाही." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मुलगी कधी गेली?"

त्यांनी ते विचारलं कसं, याचं एलीनला नवल वाटलं असावं. मुलगी गेल्याचं तिने सांगितलंच नव्हतं. तिने फोल्डरच्या मागच्या खणातून दुसरा कागद काढला. "४ नोव्हेंबर १८५२. तापाने. सहा वर्षांची होती."

"शेवटची गैरहजेरी ३१ ऑक्टोबरची आहे. त्यानंतर पुढची सहा वर्षं पान कोरं. एकही गुन्हा नाही. शेवटी शेरा आहे, वर्तणूक चांगली."

"आम्ही म्हणायचो, सुधारली," एलीन म्हणाली. "हे दोन्ही कागद माझ्याकडे दहा वर्षं आहेत. मी कधी शेजारी ठेवून बघितले नाहीत."

"रजिस्टरमध्ये असंच दिसतं," मोरेश्वर म्हणाले.

"तुम्हाला बरं माहीत," खिडकीतून अहिल्याबाई म्हणाल्या.

त्या वळल्या नव्हत्या. मोरेश्वरांनी कागद खाली ठेवला. त्यांना कळलं की आता ते येणार, जे चाळीस वर्षं आलं नव्हतं.

"सयत्राबाईच्या तिकिटावर तुम्ही काय लिहिलं होतं?"

"अहिल्या, लोकांसमोर नको."

"लोक कुठे आहेत? ही आपलीच आहेत." त्या टेबलाशी आल्या. देवयानीला म्हणाल्या, "इंग्रजीत सांग त्यांना. मला सगळं इंग्रजीत जमायचं नाही."

मग त्या सांगत गेल्या आणि देवयानी तुटक वाक्यांत भाषांतर करत गेली. जिल्ह्याच्या गावचा तुरुंग. भिंतीला लागून क्वार्टर. बायकांच्या बराकीत सयत्राबाई म्हणून जन्मठेपेची बाई, तिची मुलगी आतच वाढलेली. वच्छी. दुपारी महिला शिपाई त्या पोरीला क्वार्टरच्या अंगणात आणून सोडायची, देवयानीबरोबर खेळायला. तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आईजवळ ठेवायचं नाही, बालगृहात द्यायचं.

"ज्या दिवशी न्यायचं होतं त्या दिवशी मीच तिची वेणी घातली," अहिल्याबाई म्हणाल्या. "देवूचा पिवळा फ्रॉक घातला तिला. ती विचारत होती, कुठे जायचं. मी म्हटलं, बाजारात. देवूबरोबर. संध्याकाळी परत."

देवयानी भाषांतर करता करता थांबली. "तो फ्रॉक हरवला म्हणाली होतीस तू मला."

"हो."

"मी किती दिवस शोधला तो, आई."

"माहितेय मला." त्या खुर्चीत बसल्या. "तिची आई आत ओरडत होती. भिंतीतून ऐकू येत होतं. मी रेडिओ मोठा केला. दोन दिवस ओरडली. मग गप्प झाली ती कायमचीच. यांनी काय लिहिलं ते विचारा."

मोरेश्वर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "शिपायाच्या हाताला चावली होती ती. तिच्या शिक्षेतली साठ दिवसांची माफी कापली मी. नियमच तसा होता." मग बोट थांबवून, "पुढे तिची वर्तणूक चांगली राहिली. मी तसा शेराही दिला. मला वाटलं, तिच्यासाठी काहीतरी चांगलं लिहिलं आपण."

बाळ कुरकुरलं. नोरा उठून उभी राहिली आणि त्याला झुलवत तिथल्या तिथे हलत राहिली. या बाईच्या हातचं तेल आपल्या मुलीच्या अंगात जिरतंय, आणि आपण समजत होतो हिला आपली लाज वाटते. पाच आठवड्यांत तिला सलग तीन तास झोप मिळाली नव्हती. रागवायलाही माणसाची झोप झालेली असावी लागते. ती अहिल्याबाईंजवळ आली.

"आई, मला हे माहीत नव्हतं."

"कसं असणार. मी कुणाला सांगितलं नाही." अहिल्याबाईंनी बाळाच्या पायातला निसटलेला मोजा वर केला. "मला त्या बाईची लाज नाही वाटत, नोरा. मला वाटलं, हाक मारली की दर वेळी ते ओरडणं ऐकू येईल."

"येईल कदाचित," नोरा म्हणाली. "मी नाव बदलते. खरंच. मला चालेल."

देवयानीला वाटलं, आता आई हो म्हणेल आणि हे सगळं संपेल. तिला ते संपायला हवं होतं. एलीनने कागद गोळा करायला घेतले. तिच्याकडे बघवत नव्हतं. पण अहिल्याबाईंनी मान हलवली.

"तीन मैल," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागत असेल?"

"एक तास," सत्यजित म्हणाला. "जरा जास्तच."

"अकरा वेळा शिक्षा भोगून बाराव्यांदा निघाली असती ती. मूल गेलं म्हणून थांबली." त्यांनी माळ पुन्हा हातात घेतली. "देवयानी, नाव नोराकडून परत एकदा नीट ऐकून घे. चुकू नको. आणि सत्या, तू खुर्च्या आण. साडेनऊ वाजून गेलेत."

अकरा वाजता लोक आले. त्यांच्यातल्या लतिकाकाकूंनी फोनमध्ये बघून पाळणा म्हटला, दोन कडव्यांनंतर नेटवर्क गेलं तेव्हा आठवेल तसा म्हटला. देवयानीने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत थापा मारल्या, कुर्र केलं, आणि तिने नाव मोठ्याने सांगितलं. ऑनोरा. लतिकाकाकूंनी अर्थ विचारला.

सगळ्यांच्या नजरा सत्यजितकडे गेल्या. तो नेहमीप्रमाणे हसून काहीतरी सांगेल, असं देवयानीला वाटलं. "नोराच्या खापरपणजीच्या आईचं नाव आहे, काकू," तो म्हणाला. "तिला शिक्षा होऊन टास्मानियाला पाठवलं होतं." काकूंनी "अच्छा" म्हटलं आणि वाटीतल्या घुगऱ्या खाल्ल्या. नोराने त्याच्याकडे पाहिलं. माफ केल्यासारखं ते पाहणं नव्हतं, पण तिने बाळ त्याच्या हातात दिलं.

दोन वाजेपर्यंत पांगापांग झाली. नोरा वर जाऊन झोपली. एलीन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, आणि देवयानीने तिच्या अंगावर आपली शाल टाकली. सत्यजित गॅरेजमध्ये खुर्च्या रचत होता. अहिल्याबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोरेश्वर त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून शेजारी बसले.

"वच्छी देवूच्याच वयाची," अहिल्याबाई म्हणाल्या. "पंचेचाळीसची असेल आता."

"असेल."

"परत गेल्यावर त्या बालगृहात जायचं. विचारायचं, कुठे गेली ती."

"बालगृह कधीच बंद झालं. कागद राहिले असतील की नाही कोण जाणे." ते थांबले. "सापडणार नाही ती."

"नाही सापडली तर नाही. तरी जायचं. कागद कुणाकडे गेले ते तुम्हाला शोधता येईल. आयुष्यभर तेच केलंत ना."

मोरेश्वरांनी लगेच हो म्हटलं नाही. मोठं खातं, जुन्या फायली, ऑफिसात बसलेली नवी पोरं, जिने, आपले गुडघे, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आणि सापडलीच, तर तिला काय सांगायचं, तेही.

"फेब्रुवारीत जाऊ," ते म्हणाले. "ऊन वाढायच्या आत."

"जाऊ," अहिल्याबाई म्हणाल्या आणि बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं. पहिला हात भरून आला होता.